मिलिग्रामसाहेबांचा हलका लॅपटॉप

माणसाला हलकी वस्तू घ्यायची असेल तर त्यानं ती हातात धरावी, 'हलकी आहे हो' म्हणावं आणि घेऊन घरी यावं. मिलिग्रामसाहेबांना एवढं जमलं असतं तर ही गोष्ट पहिल्या वाक्यातच संपली असती आणि बाजारातली अकरा दुकानं त्या शनिवारी उघडी राहिली असती.

मिलिग्राम हे अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक. एका किराणा दुकानदाराला त्यांनी भर गर्दीत विचारलं होतं, "अर्ध्या ग्रॅममध्ये मिलिग्राम किती?" आणि तो बोटांवर मोजायला लागल्यावर उत्तरही स्वतःच देऊन टाकलं होतं. त्या संध्याकाळपर्यंत नाव बाजारभर झालं. साहेबांना ते मनातून आवडायचं, पण आवडतं असं दाखवणं पदाला शोभलं नसतं, म्हणून ते कपाळाला आठ्या घालत.

घरातला स्वयंपाकाचा काटाही त्यांनी लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात तपासून नापास केला होता आणि त्यावर लाल चिठ्ठी डकवली होती. तेव्हापासून वहिनी सगळं मुठीनं मोजत. (वहिनी म्हणजे साहेबांची बायको. पण ऑफिसातल्या शिपायापासून बाजारातल्या हमालापर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू.) साहेब मुठीचं जेवण मुकाट्यानं जेवत, कारण मूठ हे माप खात्याच्या अखत्यारीत येत नव्हतं.

तर, या घरात लॅपटॉपची गरज दोन टोकांनी निर्माण झाली. पहिलं टोक ऑफिसचं. परिपत्रक आलं होतं की निरीक्षकांनी स्वतःचा लॅपटॉप बाळगावा, अहवाल जागच्या जागी लिहावा, आणि 'यंत्राचे वजन दीड किलोपेक्षा अधिक नसावे'. ही शेवटची अट एका निरीक्षकाचा खांदा निखळल्यावर घातली गेली होती. दुसरं टोक वहिनींचं. वहिनी रॅली खेळत.

रॅली म्हणजे गाड्यांची शर्यत. संगणकावर. डोंगर, चिखल, दरी, आणि दोघांची जोडी: एकानं गाडी हाणायची, दुसऱ्यानं कागदावरची वळणं, डावं की उजवं, किती कडक आणि किती मीटरवर, आधीच वाचून दाखवायची. खऱ्या रस्त्यावरच्या लायसन्सच्या परीक्षेत वहिनी दोनदा नापास झाल्या होत्या, दोन्ही वेळा फार हळू चालवतात म्हणून. पण संगणकावर त्या ताशी दीडशेच्या खाली येत नसत. वळणं वाचून दाखवायला त्यांच्या वन्सं, म्हणजे साहेबांची थोरली बहीण, दुसऱ्या गावाहून फोनवर असत. या नणंद-भावजयींची जोडी दोनशे जोड्यांमधून अंतिम फेरीत पोचली होती. फेरी बुधवारी दुपारी चार वाजता. आणि आधीच्या गुरुवारी जुन्या संगणकानं 'फट्' असा आवाज केला, त्याच्या पाठीतून धुराची एक बारीक रेघ निघाली, आणि वहिनी स्टिअरिंग हातात धरून काळ्या पडद्यासमोर बसून राहिल्या.

"अहो, मी आयुष्यात कशात पहिली आलेले नाही," त्या म्हणाल्या. "या खेपेला येईन असं वाटत होतं."

घरात लॅपटॉप एकच येऊ शकत होता, तेव्हा तो साहेबांच्या खांद्यासाठी हलका आणि वहिनींच्या डोंगरासाठी दणकट असायला हवा होता. "शनिवारी आणतो," ते म्हणाले. "शब्द देतो."

शुक्रवारी ही बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर चप्पल न घालताच खाली आले. "हलका आणि गेमवाला? अहो, गेम म्हणजे उष्णता. उष्णता म्हणजे पंखे. पंखे म्हणजे वजन. वजन कमी केलं की पंखे लहान. पंखे लहान की उष्णता!" त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला बाण काढून हे समजावलं, आणि शेवटचा बाण पहिल्या बाणापाशी आल्यावर 'बघा!' म्हणून विजयी मुद्रेनं निघून गेले. समोरच्या दारातल्या आजींचा हलक्या लॅपटॉपला सक्त विरोध होता. "नातीचा इतका हलका आहे, की ती तो गादीवर विसरली आणि मी चादरीबरोबर घडी घालून कपाटात ठेवला. तीन दिवस घरभर रडारड. जरा जाणवेल असा घ्या."

ऑफिसातही एक सल्लागार होता. साहेबांच्या शेजारच्या टेबलावर बसणारा दुसरा निरीक्षक. हा गृहस्थ वस्तू हातात धरून वजन सांगत असे आणि त्याचं प्रत्येक वाक्य 'अंदाजे'नं सुरू होई, म्हणून त्याचं नाव अंदाजे पडलं होतं. मिलिग्रामसाहेबांना तो खात्यावरचा डाग वाटे. "काटा कशाला न्यायचा दुकानात?" अंदाजे म्हणाला. "हातात धर. हात खोटं बोलत नाही." साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शनिवारी सकाळी साहेब संगणकांच्या दुकानात शिरले. सुट्टीचा दिवस, साधा बुशशर्ट, सामान्य गिऱ्हाईक. फक्त खांद्याला खात्याची तराजू-वजनांची पेटी होती. घरचा काटा नापास असल्यावर दुसरं करणार काय?

काउंटरवरची मुलगी हुशार होती. तिनं दोन्ही अटी ऐकल्या, नऊ लॅपटॉप बाजूला सारले आणि काळा, चपटा, देखणा असा दहावा पुढे केला. त्या मॉडेलचा दाखवायला ठेवलेला तेवढा एकच शिल्लक होता. त्याला लावलेली साखळी तिनं काढली. "हा घ्या सर. सगळे गेम पळतात. आणि वजन तेराशे ग्रॅम."

"तेराशे कोण म्हणतं?"

"खोक्यावर लिहिलंय ना."

तिला बिचारीला काय माहीत, की साहेबांनी नोकरीची सत्तावीस वर्षं खोक्यावर लिहिलेलं खोटं पाडण्यात घालवली होती. त्यांनी पेटी काउंटरवर ठेवली, सील तोडलं, घडीचा तराजू उभा केला, मखमलीतली पितळी वजनं चिमट्यानं एकेक करून बाहेर काढली. आणि हे सगळं रस्त्यावरून दिसत होतं.

"मिलिग्राम आला!" अशी आरोळी कुठून तरी उठली. शेजारच्या खिळेमोळेवाल्याचं शटर धाडकन खाली आलं. मग धान्यवाल्याचं, मग मिठाईवाल्याचं, मग सोनाराचं. चष्म्याच्या दुकानाचा वजनाशी काडीचा संबंध नव्हता, पण त्यानंही शटर ओढलं. पाच मिनिटांत सबंध रस्ता बंद झाला आणि आत अडकलेली गिऱ्हाइकं शटरवर थापा मारू लागली.

साहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. तराजूचा काटा स्थिर झाला होता. एक किलो चारशे बारा ग्रॅम.

"चार्जिंग फुल्ल आहे सर," मुलगी चाचरत म्हणाली, "म्हणून असेल."

एकशे बारा ग्रॅम जास्त असले तरी लॅपटॉप दीड किलोच्या आत होता, वहिनींचे डोंगर त्यावर पळणार होते, मुकाट्यानं उचलून घरी जाता आलं असतं. पण खात्याचा नियम असा, की पेटीचं सील तुटलं की ती तपासणी झाली, आणि छापील वजनात तफावत निघाली की तो गुन्हा झाला. हा नियम काही वर्षांपूर्वी साहेबांनीच सुचवून मंजूर करून घेतला होता. त्यांनी पंचनाम्याचा कागद काढला.

पंच म्हणून समोरच्या सलूनमधून एक गृहस्थ अर्ध्या दाढीनिशी आणले गेले. दुकानदार आतून हात जोडत आला, म्हणाला, "साहेब, अहो तुम्ही तर घ्यायला आला होता ना?" साहेब म्हणाले, "होय. आता जप्त करतोय." लॅपटॉप पारदर्शक पिशवीत गेला, पिशवीवर लाखेचं सील बसलं, आणि तो ऑफिसातल्या मुद्देमालाच्या कपाटात खोटी वजनं नि ठोकलेली मापं यांच्या शेजारी जाऊन पडला.

घरी वहिनींनी दार उघडलं. "आणलात?"

"आणला. म्हणजे, ऑफिसात आहे."

"चालू करून बघितलात का?"

"सील करून ठेवलाय."

सगळी हकिगत ऐकून वहिनी आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. रविवारी त्या स्वतः दुसऱ्या दुकानांत जाऊन आल्या. पण मिलिग्रामच्या घरचं माणूस म्हटल्यावर सगळीकडे स्टॉक संपलेला. एका दुकानात तर मागच्या फळीवर अठरा लॅपटॉप रांगेत मांडलेले असताना मालक त्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला, "आम्ही लॅपटॉप ठेवतच नाही."

सोमवारी वहिनी ऑफिसात आल्या. कोठडीतल्या नातेवाइकाला भेटायला यावं तशा. साहेबांनी रजिस्टरमध्ये नोंद केली आणि कपाट उघडून पिशवी टेबलावर ठेवली. वहिनींनी पिशवीवरून हात फिरवला.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या. "राहू द्या. वन्संना कळवते, नाव मागे घेऊ."

हे त्या रागावून म्हणाल्या असत्या तर साहेबांनी सहन केलं असतं. पण आवाज अगदी समजूतदार होता, आणि तोच त्यांना लागला. इतक्या वर्षांच्या संसारात या बाईनं आपल्याकडे एक गोष्ट मागितली आणि आपण ती लाखेनं बंद करून कपाटात ठेवली, असं त्यांना वाटलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

वहिनींनी पिशवी परत देण्यासाठी उचलली आणि ती हातात उलटी झाली. "अहो, हे खाली काय चिकटलंय?"

साहेबांनी पाहिलं. लॅपटॉपच्या पोटाला एक काळी धातूची चकती होती. चोरी होऊ नये म्हणून दुकानात साखळी लावतात, त्या साखळीचं कुलूप. मुलीनं साखळी काढली होती. कुलूप तसंच राहिलं होतं. काळ्यावर काळं, दिसलंच नव्हतं. आणि साहेबांनी ते लॅपटॉपसकट तोललं होतं.

आता, डब्यातलं तूप तोलताना डब्याचं वजन वजा करायचं, हे या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात. आणि शिकवतं कोण? दरवर्षी नव्या निरीक्षकांपुढे 'निव्वळ वजन' या विषयावर दोन तास व्याख्यान देतं कोण? साहेब हळूच खुर्चीत बसले.

अंदाजे शेजारच्या टेबलावरून उठून आला. त्यानं पिशवी तळहातावर घेतली, डोळे मिटले. "अंदाजे चौदाशे दहा," तो म्हणाला. मग चकतीवर अंगठा ठेवून म्हणाला, "ही शंभर-सव्वाशेची. म्हणजे मूळ माल अंदाजे तेराशे. खोक्यावर किती लिहिलंय?"

जप्त मालाचं सील तोडण्याचा अधिकार फक्त मोठ्या साहेबांना. मोठे साहेब मंगळवारी बैठकीत, आणि सुनावणीची पहिली मोकळी वेळ बुधवारी दुपारी तीन. घरापर्यंत पाऊण तासाचा रस्ता. साहेबांनी कागदावर हिशेब मांडला आणि तो कुठूनही जमेना. वहिनींनी कागदाकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "मी इथेच येते."

बुधवारी त्या आल्या तेव्हा हातात भली मोठी कापडी पिशवी होती आणि तिच्यातून स्टिअरिंगचं अर्धं चाक बाहेर डोकावत होतं. जुन्या संगणकातली डिस्क त्यांनी काढून आणली होती. तीत अख्खा गेम होता.

तीन वाजता सुनावणी सुरू झाली. दुकानदार पाच इंच जाडीची फाइल, लॅपटॉपचं खोकं आणि काउंटरवरच्या मुलीला घेऊन आला होता. फाइल उघडायच्या आत मिलिग्रामसाहेब उभे राहिले. "मोठे साहेब, दुकानदाराची काही चूक नाही. चूक माझी आहे. मी निव्वळ वजन घेतलं नाही." कोपऱ्यातल्या शिपायानं ट्रे खाली ठेवला. मोठ्या साहेबांना कुठलाही निर्णय घ्यायचा म्हटलं की गरम पाणी प्यावं लागे; त्यांनी पेला ओठांपर्यंत नेऊन तसाच धरून ठेवला.

सील तुटलं. दुकानातल्या मुलीनं किल्लीनं चकती काढली. चकती: एकशे चौदा ग्रॅम. लॅपटॉप: एक किलो दोनशे अठ्ठ्याण्णव. छापलेल्यापेक्षा दोन ग्रॅम हलकाच. केस निकालात निघाली तेव्हा घड्याळात तीन पस्तीस झाले होते.

"आता विका," साहेब दुकानदाराला म्हणाले.

सुटकेच्या आनंदात दुकानदारानं निम्म्या किमतीत देऊ केला. "छापील किंमत," साहेब म्हणाले. वहिनींनी त्यांच्याकडे असं बघितलं, की ते खिडकीबाहेर पाहू लागले. पण बिल छापील किमतीचंच झालं, मोठ्या साहेबांच्या टेबलावर. खोक्यातून चार्जर निघाला तो विटेएवढा. वहिनींनी तपासणीच्या टेबलाला स्टिअरिंग आवळलं, डिस्क जोडली, ऑफिसची इंटरनेटची वायर लावली. पंखे घरघरले. पडद्यावर डोंगर उगवला.

चारला दोन मिनिटं कमी असताना कळलं, की त्या जाड भिंतींच्या खोलीत फोनला रेंज नाही. "डाव..." एवढंच वन्संच्या आवाजात आलं आणि फोन मुका झाला. वहिनींनी लॅपटॉपवरूनच आयोजकांना लिहून विचारलं. बदली जोडीदार चालेल असं उत्तर आलं. वहिनींनी पिशवीतून वन्संनी सरावासाठी आधी पाठवलेले, त्यांच्याच हस्ताक्षरातले तीन घाटांच्या वळणांचे तीन कागद काढले आणि नवऱ्यासमोर धरले.

"मी?" साहेब म्हणाले.

"आकडे वाचायचेत. तुम्हाला दुसरं येतं काय?"

पहिला घाट सुरू झाला. साहेबांनी खाकरून सुरुवात केली. "उजवं तीन. पुढे ऐंशी मीटर. डावं पाच. मग जरा पुढे खड्डा..." इथे ते थांबले. "जरा म्हणजे किती?" तोवर गाडी खड्ड्यात होती. समोरच्या जोडीतले दोन कॉलेजकुमार चार सेकंद पुढे गेले.

दुसऱ्या घाटात साहेबांनी एकही आकडा चुकवला नाही. प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून, दोनदा तपासून, मगच वाचली. वहिनींची गाडी प्रत्येक वळणावर कठड्याला घासत गेली आणि चार सेकंदांचे सात झाले. दारात आता अख्खं ऑफिस जमलं होतं आणि शिपाई खुर्चीवर उभा होता.

वहिनी चाक सोडून साहेबांकडे वळल्या. "अहो, तुम्ही सगळं बरोबर सांगताय, पण वळण मागे गेल्यावर. मला बरोबर नकोय हो. आधी हवंय."

साहेबांनी मान हलवली. त्यांनी या बाईला शब्द दिला होता, आणि तो शब्द आता शेवटच्या घाटावर येऊन ठेपला होता. त्यांनी बोट कागदावरून काढलं आणि वाचायला लागले. भराभर, न तपासता. "डावं दोन, चाळीस, उजवं सहा, गाडी सोड, सोड, साठ, डावं चार!" गाडी पळायला लागली. सात सेकंदांचे चार झाले, चाराचे दोन. मोठे साहेब गरम पाण्याचा पेला हातात घेऊन वहिनींच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

आणि शेवटून तिसऱ्या ओळीवर चहाचा डाग होता. वन्संच्या कपाचा गोल, नेमका आकड्यावर. साठ की ऐंशी? सहाचं पोट की आठाची शेपूट? पुढे दरी होती, दरीच्या काठावर वळण होतं आणि वहिनी ताशी एकशे साठनं निघाल्या होत्या. साहेबांनी कागद उजेडाकडे धरला. काही दिसेना. त्यांनी वर पाहिलं, अंदाजेकडे पाहिलं, डोळे मिटले.

"अंदाजे सत्तर!" मिलिग्रामसाहेब ओरडले. "मग डावं! कचकून डावं!"

अंदाजे धप्पकन खुर्चीत बसला. वहिनींनी चाक फिरवलं. गाडीची मागची दोन चाकं दरीवर लोंबकळून परत रस्त्यावर आली आणि रेषेपलीकडे गेली. पडद्यावर आकडे फिरत राहिले आणि थांबले. सहा दशांश सेकंदांनी पहिला नंबर.

खोलीत जो गलका झाला तो त्या इमारतीनं कधी ऐकला नव्हता. दुकानदारानं मोठ्या साहेबांना मिठी मारली, गरम पाणी दोघांच्या अंगावर सांडलं. वहिनी स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "पहिली आले," त्या म्हणत होत्या. "अहो, मी पहिली आले." काय करावं न सुचून साहेबांनी तराजू पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपची ऑफिसात नोंद करताना अंदाजेनं हरकत घेतली. "आणि चार्जर? तो अंदाजे साडेसहाशेचा. धरला की दीड किलोच्या वर."

"चार्जर घरी राहतो," साहेब म्हणाले. "अहवाल बॅटरीवर लिहून होतात. डोंगराला तेवढा चार्जर लागतो, आणि डोंगर घरी आहे." वरच्या मजल्यावरच्या इंजिनियरांना हे सांगितलं तेव्हा आपल्याला हेच म्हणायचं होतं असं ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी चषक घरपोच आला. समोरच्या आजी, इंजिनियर, सगळे बघायला जमले. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: निव्वळ वजन एक किलो. साहेबांनी ते वाचलं. त्यांची नजर दाराशी ठेवलेल्या पेटीकडे गेली. वहिनींनी ती नजर पाहिली आणि श्वास रोखून धरला. आजींनीही.

साहेबांनी चषक दोन्ही हातांत घेतला, एकदा वरखाली केला आणि नीट पुसून दिवाणखान्यातल्या फळीवर ठेवला.

"असेल एक किलो," ते म्हणाले. "खोक्यावर लिहिलंय ना."